शिकारी पक्ष्यांची शरदातील गणना

शरद ऋतूत उत्तरेकडील थंड प्रदेशांत दिवस लहान होऊ लागले, की तेथील गरुड, ससाणे, बाज इत्यादी शिकारी पक्षी दक्षिणेची वाट धरतात. थंडीपेक्षा अन्नाची टंचाई हे त्याचे मुख्य कारण होय. उंदीर बर्फाखाली दडतात, बेडूक व साप बिळांत जातात आणि लहान पक्षी आधीच निघून गेलेले असतात. एरवी हे शिकारी पक्षी विस्तीर्ण मुलखात एकेकटे विखुरलेले राहतात. त्यामुळे त्यांची शिरगणती करणे जवळजवळ अशक्य असते. प्रवासात मात्र ते ठराविक वाटांनी जातात. जड अंगाच्या पक्ष्याला सतत पंख मारीत शेकडो मैल जाणे परवडत नाही. डोंगराच्या धारेवर आपटून वर चढणारा वारा, किंवा तापलेल्या जमिनीवरून उठणारा ऊन हवेचा झोत, यांच्या आधारे तो पंख पसरून तरंगत जातो. भर दुपारी गावावर गिरक्या घेत वर वर जाणारी घार मुलांनी पाहिलेली असतेच, युक्ती तीच. अशा वाटेवरील योग्य जागी माणूस बसला, तर अनेक प्रांतांतले पक्षी त्याच्यासमोरून ओळीने जातात.

अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यात किट्टाटिनी नावाच्या लांबलचक डोंगररांगेवर ‘हॉक माउंटन’ हे असे ठिकाण आहे. १९३० च्या सुमारास तेथे दर शरदात बंदुका घेऊन माणसे जमत आणि समोरून जाणारे पक्षी मौजेखातर पाडीत. शिकारी पक्षी म्हणजे कोंबड्या पळविणारा चोर, अशी समजूत होती; त्यांच्यापैकी एका जातीवर तर राज्याने १९२९ साली प्रत्येक मृत पक्ष्यामागे पाच डॉलरचे बक्षीस लावले होते. १९३४ साली रोझली एज नावाच्या बाईंनी तो डोंगर भाडेपट्ट्याने घेतला आणि मॉरिस ब्राउन व त्यांच्या पत्नी अर्मा यांना राखणीस ठेवले. बंदुका थांबल्या. ब्राउन यांनी त्याच शरदात पक्षी मोजून वहीत लिहिण्यास आरंभ केला. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात गेल्यामुळे पडलेला खंड सोडला, तर ती गणना आजतागायत चालू आहे.

पद्धत साधी, परंतु काटेकोर आहे. जागा एकच. ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत दर तासाला कोणत्या जातीचे किती पक्षी गेले, वारा कोठून होता, आकाश कसे होते, हे लिहावयाचे. थवा हवेच्या झोतात गिरक्या घेत असताना मोजू नये. एकच पक्षी दोनदा मोजला जातो. झोताच्या माथ्यावरून सुटून ते एका रेषेत पुढे सरकू लागले, की मोजावे. किती तास पाहिले हेही लिहिलेच पाहिजे. एके दिवशी ६ तासांत ४८ पक्षी दिसले आणि दुसऱ्या दिवशी १० तासांत ६०, तर दुसरा आकडा मोठा दिसतो. पण पहिल्या दिवशी ताशी ८ पक्षी गेले, दुसऱ्या दिवशी ताशी ६. चौथीच्या वर्गास सरासरी शिकविण्यास याहून जिवंत उदाहरण क्वचितच सापडेल.

ब्राउन यांच्या वहीत आणखी एक रकाना होता, वयाचा. पांढऱ्या डोक्याच्या गरुडाचे पिलू पहिली काही वर्षे सर्वांगी काळपट असते. म्हणून ते दुरूनही ओळखू येते. १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या गरुडांपैकी शेकडा ४० लहान वयाचे होते. १९५५ ते १९५९ मध्ये ते प्रमाण शेकडा २० वर आले. १९५७ साली तर ३२ प्रौढांमागे एकच पिलू दिसले. शाळेच्या पटावर एकूण संख्या ठीक दिसावी आणि पहिलीचा वर्ग मात्र रिकामा असावा, तसा हा प्रकार होता. गरुड दीर्घायुषी असल्यामुळे जुने पक्षी वर्षानुवर्षे येत राहिले असते आणि केवळ एकूण आकडा पाहणाऱ्यास हानी फार उशिरा कळली असती.

रेचल कार्सन या लेखिकेने १९६२ साली ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात हे आकडे मांडले आणि डीडीटीकडे बोट दाखविले. महाराष्ट्रातही हिवतापाच्या मोहिमेत घरोघर भिंतींवर फवारले गेले, तेच हे औषध. शेतातून ते पाण्यात, पाण्यातून माशांत व माशांतून गरुडाच्या शरीरात साठत गेले. त्यामुळे अंड्याचे कवच पातळ होते व उबविणाऱ्या मादीच्या भारानेच अंडे फुटते, हे पुढील संशोधनाने सिद्ध झाले. १९७२ साली अमेरिकेत शेतीसाठी डीडीटीचा वापर बंद झाला. त्यानंतर हॉक माउंटनवरील गरुडांचा आकडा पुन्हा चढू लागला.

महाराष्ट्रावरूनही शरदात शिकारी पक्षी जातात. नागालँडमधून आफ्रिकेकडे निघालेले अमूर ससाणे नोव्हेंबरच्या सुमारास मध्य भारत व महाराष्ट्र ओलांडून अरबी समुद्रावर जातात, हे त्यांच्या पाठीवर बसविलेल्या लहान यंत्रांवरून कळले आहे. मात्र ते उंचावरून व वेगाने जात असल्याने शाळेच्या गणनेस सोयीचे नाहीत. त्यासाठी भोवत्या हा पक्षी बरा. पठारावरील माळरानांत तो हिवाळ्यासाठी उत्तरेकडून येतो, दिवसभर गवतावरून खालून खालून उडत शिकार शोधतो आणि सूर्यास्तापूर्वी अनेक भोवत्ये एकाच गवताळ पट्ट्यात जमिनीवर रात्रीच्या मुक्कामास उतरतात. असा पट्टा शाळेजवळ असल्यास शिक्षकांनी चार-पाच मोठ्या मुलांसह दूर, एकाच ठरलेल्या जागी बसावे व उतरणारे पक्षी मोजावेत. गवतात कोणीही शिरू नये. एकदा उठलेले पक्षी तो मुक्काम सोडून जाण्याचा संभव असतो. आठवड्यातून एकच वार ठरवावा आणि वहीत तारीख, वेळ, वारा, संख्या व मोजणाऱ्याचे नाव लिहावे. एकही पक्षी न आल्यास रकाना कोरा न ठेवता शून्य लिहावे. कोऱ्या रकान्यावरून त्या दिवशी पक्षी आले नाहीत की मोजणारा आला नाही, हे पुढच्या शिक्षकास कळणार नाही.