गाणारीचं नाव काय?

आष्टीला आमच्या घरी भाकरी थापताना रेडिओ सुरूच असायचा. लतादीदींचं गाणं लागलं की आई म्हणायची, "आवाज वाढव गं!"

पण दीदींचं नावही सुरुवातीला लोकांना ठाऊक नव्हतं. १९४९ साली 'महल' आला. खेमचंद प्रकाशांच्या 'आयेगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिका म्हणून छापलं होतं 'कामिनी', म्हणजे मधुबालाच्या भूमिकेचं नाव! श्रोत्यांनी रेडिओला पत्रांवर पत्रं धाडली, ही गाते कोण? तेव्हा कुठे 'लता मंगेशकर' हे नाव घरोघरी पोचलं.

माझी आई मात्र गल्लीत जन्मभर 'मास्तरांची बायको'च राहिली. तिच्या हातच्या लोणच्याचं कौतुक सगळ्यांना. नाव कुणी विचारलंच नाही.

मैत्रिणींनो, आपण तरी विचारू या ना!