दिवा विझला म्हणजे बॅटरी भरली?

सकाळी गाडी सेल्फ घेईनाशी झाली की मगच बॅटरीची आठवण होते. ही वेळ येऊ नये म्हणून चार्जिंग दाखवणारा छोटा दर्शक घरीच बनवता येतो. सर्किट सोपं आहे. पण तो काय सांगतो याबद्दल बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा विझला, म्हणजे बॅटरी चार्ज झाली.
वस्तुस्थिती : तो दिवा मुळात अल्टरनेटरचा आहे. अल्टरनेटर वीज देऊ लागला की तो विझतो. बॅटरी अर्धी उतरलेली असली, तरीही विझतो.

गैरसमज : बारा व्होल्टच्या बॅटरीत 12 व्होल्ट दिसले की ती पूर्ण भरलेली.
वस्तुस्थिती : लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल असतात आणि भरलेल्या सेलचा दाब सुमारे 2.1 व्होल्ट असतो. त्यामुळे पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवते. 12.2 म्हणजे साधारण अर्धी आणि 12 म्हणजे जवळपास पाव. हे आकडे गाडी काही तास बंद ठेवून मोजायचे; इंजिन नुकतंच बंद केलं असेल तर आकडा फसवा जास्त येतो.

गैरसमज : एक एलईडी आणि एक रेझिस्टर जोडला की दर्शक तयार.
वस्तुस्थिती : एक किलोओहम रेझिस्टर लावलेल्या लाल एलईडीतून 11.5 व्होल्टला साडेनऊ मिलिअँपिअर जातात आणि 14 व्होल्टला बारा. उजेडातला हा फरक डोळ्यांना कळत नाही. दिव्याने ठरावीक व्होल्टेजलाच लागावं, यासाठी टीएल 431 ही तीन पायांची, ट्रान्झिस्टरसारखी दिसणारी आयसी वापरावी. तिच्या रेफरन्स पायावर 2.5 व्होल्ट आले की ती वीज वाहू देते. पॉझिटिव्हपासून रेफरन्सपर्यंत 43 किलोओहम आणि तिथून अर्थला 10 किलोओहम जोडा. पॉझिटिव्हकडून एक किलोओहम, मग एलईडी, मग आयसीचा कॅथोड, ॲनोड अर्थला. हा दिवा सुमारे 13.3 व्होल्टला लागतो. 43 च्या जागी 39 लावलं तर 12.3 आणि 51 लावलं तर 15.3. अशा तीन जोड्या केल्या की बॅटरी ठीक, चार्जिंग चालू आणि जादा चार्जिंग, असे तीन दिवे मिळतात. दिवा बंद असतानाही मिणमिणत असेल, तर त्या एलईडीला समांतर 2.2 किलोओहम जोडा.

गैरसमज : रेझिस्टर कुठलेही चालतात, थोडाफार फरक पडला तर काय बिघडलं?
वस्तुस्थिती : इथे बिघडतं. पाच टक्के टॉलरन्सचे रेझिस्टर एकमेकांच्या विरुद्ध बाजूला घसरले, तर 13.3 चा दिवा व्होल्टभर आधी किंवा नंतर लागू शकतो. एक टक्क्याचेच घ्या आणि गाडीत बसवण्याआधी व्होल्टेज बदलता येणाऱ्या सप्लायवर मल्टिमीटर लावून तपासा.

गैरसमज : 13.3 चा दिवा लागला की बॅटरी भरली. विझला की अल्टरनेटर गेला.
वस्तुस्थिती : तो दिवा फक्त चार्जिंग चालू असल्याचं सांगतो. बॅटरी निम्मी उतरलेली असली, तरी इंजिन चालू होताच तो लागू शकतो. उलट काही नव्या गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी संगणक अल्टरनेटरचं व्होल्टेज मुद्दाम उतरवतो. तिथे दिवा मधेच विझला, तर लगेच गॅरेज गाठायचं कारण नाही.

गैरसमज : एवढासा एलईडी, तो किती बॅटरी खाणार?
वस्तुस्थिती : गाडी उभी असताना 12.3 चा दिवा पेटलेला राहिला, तर सर्किट सुमारे दहा मिलिअँपिअर घेतं. महिन्याला ते सात अँपिअर-अवर होतात, म्हणजे 35 अँपिअर-अवरच्या छोट्या बॅटरीचा पाचवा हिस्सा! म्हणून जोडणी किल्ली फिरवल्यावरच वीज येणाऱ्या वायरला करा. ती वायर जिथून घ्याल, तिथेच एक अँपिअरचा फ्यूज हवा.

गैरसमज : व्होल्टेज चांगलं, म्हणजे बॅटरी चांगली.
वस्तुस्थिती : म्हातारी झालेली बॅटरी सकाळी 12.6 दाखवते आणि सेल्फ मारताच कोसळते. सेल्फ फिरत असताना मल्टिमीटर 9.6 व्होल्टच्या खाली गेला, तर बॅटरीची भार टाकून तपासणी करून घ्या. चार्जिंग होतंय की नाही एवढंच आपला दर्शक सांगतो. बॅटरीचं वय त्याला विचारू नये.