बटण देखणे, पण मावशींना दिसेना

१५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याच्या मोबाईलवर आली. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज नारीशक्ती दूत ॲपमधूनही भरले गेले. कचेरीची खिडकी आता अशी हातात आली आहे. पण त्या खिडकीची कडी म्हणजे पडद्यावरचे बटण!

मागे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्याच एका मावशींचा वेगळ्याच कामाचा अर्ज भरत होतो. शेवटचे बटण फिक्या राखाडी रंगाचे, त्यावर पांढरी अक्षरे. मावशी म्हणाल्या, "भाऊ, हे तर बंद दिसतंय." त्यांनी ते दाबलेच नव्हते. मुदत संपायला एकच दिवस उरला होता.

असे का होते? बटण, टिकची चौकट, मजकुराचा रकाना हे भाग ॲप बनवणाऱ्याला तयार मिळतात. दाबल्यावर रंग बदलणे, बंद असताना फिके होणे, अंध व्यक्तीला टॉकबॅकने नाव ऐकवणे हे गुण त्यांत आधीच असतात. वेगळा साज हवा म्हणून कोणी स्वतःचे बटण, म्हणजे कस्टम विजेट, मुळापासून रेखाटले की यातले बरेच गुण स्वतः घालावे लागतात. नेमके तेच राहून जातात.

संगणक शिकणाऱ्या मुला-मुलींनो, एवढे लक्षात ठेवा. अँड्रॉइडवर बोटाने दाबायची जागा किमान ४८ डीपी, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर असावी. साधी अक्षरे आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणात निदान ४.५ : १ एवढा फरक हवा. अक्षरांचे माप एसपीमध्ये द्या, म्हणजे फोनमध्ये मोठी अक्षरे निवडणाऱ्याला ती मोठीच दिसतील. बटणाची उंची आखडून बांधू नका. मराठीत वर वेलांटी आणि खाली उकार असतो, तो कापला जातो. रंग आणि मापे एकाच स्टाइल फाइलमध्ये ठेवा. दर एका तक्त्यात लिहिला की पानोपानी खाडाखोड करावी लागत नाही, तसेच हे.

आणि शेवटची परीक्षा घरीच घ्या. भर उन्हात, काचेला तडा गेलेला स्वस्त फोन आजीच्या हातात द्या. तिला कोणाला न विचारता अर्ज भरता आला, तरच तुमचे बटण पास!