कामांची यादी आणि ॲपची निवड

कार्यव्यवस्थापन ॲप म्हणजे करावयाची कामे, त्यांची मुदत आणि सद्यःस्थिती एकत्र नोंदवून योग्य वेळी आठवण देणारी संगणकीय वही होय. टूडूइस्टसारख्या ॲपमध्ये कामांची एकाखाली एक यादी असते, तर ट्रेलोमध्ये ‘करायचे’, ‘चालू’ आणि ‘झाले’ अशा रकान्यांतून कामाची चिठ्ठी पुढे सरकते. ही दुसरी पद्धत कानबान या जपानी नावाने ओळखली जाते. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी ती सुटे भाग लागतील तेव्हाच आणि तेवढेच मागवण्यासाठी रुजवली, आणि अनेकांच्या हातांतून जाणाऱ्या कचेरीतील कामाला ती आजही अधिक मानवते. वीजबिल, मुलांची फी, सोसायटीचा मेंटेनन्स अशा एकट्याने उरकायच्या कामांना मात्र साधी यादी पुरते, आणि तिच्यात ‘दर महिन्याच्या 10 तारखेला’ अशी आपोआप पुन्हा उगवणारी नोंद करता येणे हे रंगीत तक्त्यांपेक्षा कितीतरी मोलाचे असते. कचेरीने दिलेल्या खात्यावर कचेरीचे नियंत्रण असल्यामुळे आजारपण किंवा कर्ज यांसंबंधीच्या खाजगी नोंदी तेथे ठेवू नयेत.

निवडीपूर्वी निर्यातीची, म्हणजे आपल्या नोंदी फाइलच्या रूपात बाहेर काढण्याची, सोय अवश्य तपासावी. वुंडरलिस्ट हे लोकप्रिय ॲप 2015 मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतले आणि 2020 मध्ये बंद केले, तेव्हा वापरकर्त्यांना वर्षानुवर्षांच्या याद्या दुसरीकडे हलवाव्या लागल्या. ज्यातून स्वतःच्याच नोंदी परत मिळत नाहीत, ते ॲप कितीही देखणे असले तरी घेऊ नये.