तान्ह्यासह रानात मुक्काम : पिशवीत काय हवे?

तंबूत मुक्काम करण्याची हौस वऱ्हाडाला ‘कॅम्पिंग’ हा शब्द येण्याच्या पुष्कळ आधीपासून आहे. चांदूरबाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, परतवाडा-बैतूल मार्गावर भरणारी बहिरमची यात्रा डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते आणि महिनाभराहून अधिक काळ चालते. शेतकरी कुटुंबे तेथे राहुट्या ठोकून उतरत आली आहेत. मातीच्या हंडीत मटण शिजते, आरावर रोडगे भाजले जातात आणि ऐन थंडीत उघड्या माळावर एक तात्पुरते गाव उभे राहते. या राहुट्यांमध्ये लेकुरवाळ्या असत. पण त्यांच्यासोबत सासू, आजी, जाऊ, नणंद असा सारा गोतावळाही असे. बाळाला काय हवे, काय नको, हे ठरवणारे चार अनुभवी हात घरातलेच होते.

आज अमरावतीच्या राजापेठेतून किंवा अकोल्याच्या जठारपेठेतून शनिवारी पहाटे चिखलदऱ्याकडे अथवा नरनाळ्याकडे निघणाऱ्या मोटारीत बहुधा आई, बाबा आणि आठ-दहा महिन्यांचे बाळ एवढेच असतात. आजीची जागा सामानाच्या पिशवीने घ्यायची असते. ही पिशवी भरताना दोन चुका हमखास होतात. खेळणी, पावडरी आणि नव्या कपड्यांनी ती फुगते. आणि रात्री दोन वाजता ज्याची गरज भासते, नेमके तेच घरी राहते.

आधी ठिकाण, मग सामान

पिशवी कशी भरायची, हे मुक्काम कोठे आणि केव्हा यावर ठरते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीवर आहे. अमरावतीहून परतवाड्यामार्गे सुमारे ८० किलोमीटरचा हा प्रवास. पण या दोन-अडीच तासांत हवामान पालटते. डिसेंबर-जानेवारीत दुपारी स्वेटर काढावासा वाटतो आणि रात्री दोन रजया पुरत नाहीत. पावसाळ्यात धुके इतके दाट असते की वाळत घातलेले दुपटे दुसऱ्या दिवशीही ओलेच हाती येते. मे महिन्यात वर गारवा असला, तरी तेथे पोहोचण्यासाठी ज्या मैदानातून जावे लागते, तेथे पारा ४५ अंशांपलीकडे गेलेला असतो. तान्ह्याला घेऊन निघायचेच असेल, तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. मे महिन्याचा हट्ट मूल चालते-बोलते होईपर्यंत बाजूला ठेवलेला बरा.

मेळघाट व्याघ्र प्रकल्प हा १९७३-७४ मध्ये देशात घोषित झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. येथे वाटेल तेथे तंबू ठोकता येत नाही. सेमाडोह, कोलकास, शहानूर अशा ठिकाणी वनखात्याने नेमून दिलेल्या जागीच राहावे लागते आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्रातील पर्यटन बंद असते. आरक्षण करताना वीज रात्रभर असते का, पाणी उकळून मिळेल का आणि खोलीत खाट आहे का, हे तीन प्रश्न विचारून घ्यावेत. उत्तरांवर अर्धी पिशवी ठरते.

वयाचाही विचार हवा. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी पूर्ण होण्याआधी मुक्कामाची घाई नको. तीन महिन्यांखालील बाळाला ताप आला, तर तो घरगुती उपचारांचा विषय राहत नाही. थेट रुग्णालय गाठावे लागते. जंगलातून ते अंतर लहान नसते.

रात्रीची थंडी

बाळाचे शरीर मोठ्यांपेक्षा फार लवकर थंड होते. मोठ्यांच्या अंगावर जेवढे थर, त्याहून बाळाला एक अधिक, हा हिशेब सोपा आहे. आत मऊ सुती झबले, वर बाह्यांचा फ्लॅनेलचा अंगरखा, त्यावर लोकरीचा स्वेटर, पायमोजे आणि टोपडे. एकाच जाड कपड्यापेक्षा तीन पातळ कपडे बरे; दुपारी एकेक उतरवता येतात. बाळ गारठले आहे की उकडते आहे, हे हातापायांवरून ठरवू नये, ते गारच लागतात. मानेच्या मागे किंवा पोटावर हात ठेवून पाहावे. प्रत्येक दिवसासाठी तीन जोड आणि सबंध मुक्कामासाठी दोन जोड वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावेत. दव, लघवी आणि उलटी यांना वेळापत्रक नसते.

झोपण्याची व्यवस्था हा या साऱ्या खटाटोपातील कळीचा मुद्दा आहे. हवा भरलेली गादी मोठ्यांना सुखाची. तान्ह्याला मात्र धोक्याची. तिच्या खोलगट भागात बाळ पालथे पडले की नाक दबते. सपाट, घट्ट सतरंजी आणि तिच्यावर ताणून अंथरलेली एक गोधडी पुरेशी असते. उशी नको, तोंडावर येईल अशी सैल रजईही नको. पांघरुणाऐवजी हातापायांचे कपडे वाढवावेत किंवा पिशवीसारखे शिवलेले झोपण्याचे वस्त्र न्यावे. बाळाला पाठीवर झोपवावे.

आणि शेगडी तंबूत आणू नये. वऱ्हाडात बाळ-बाळंतिणीला शेक देण्याची रीत जुनी आहे. त्यामुळे थंडीत निखाऱ्यांची पाटी जवळ ठेवण्यात काही वावगे वाटत नाही. कौलारू, फटींच्या घरात ते निभावून जात असेल. चेन ओढून बंद केलेल्या नायलॉनच्या तंबूत मात्र धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही. शेकोटी बाहेर, परवानगी असेल तेथेच आणि झोपण्यापूर्वी विझवलेली असावी. ऊब हवी असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने अंथरूण आधी तापवून घ्यावे आणि बाळाला निजवताना ती काढून ठेवावी.

त्याहून चांगली ऊब आईच्या अंगाची. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून ठेवण्याची पद्धत सुरू झाली आणि ‘कांगारू मदर केअर’ या नावाने ती जगभर गेली. अंगाशी बाळ बांधण्यासाठी दोन-अडीच मीटर मजबूत सुती कापड बरोबर असले, तर चालताना पाळणागाडीची गरजच उरत नाही. चिखलदऱ्याच्या चढ-उतारावर त्या गाडीचा उपयोगही नाही. बांधलेल्या बाळाचा चेहरा सतत दिसला पाहिजे आणि हनुवटी छातीला टेकता कामा नये.

दूध, पाणी आणि मधाचे बोट

सहा महिन्यांपर्यंत अंगावरचे दूध पुरे. उन्हाळ्यातही वरून पाणी लागत नाही. उलट बाहेरचे पाणी हेच दुखण्याचे मूळ ठरते. अशा बाळाच्या आईसाठी मात्र पाण्याच्या दोन बाटल्या जास्त घ्याव्यात. दिवसाकाठी सहा लंगोट ओले होत असतील, तर बाळाला दूध पुरते आहे असे समजावे.

वरचे दूध पावडरीचे असेल, तर काम वाढते. पाणी खळखळून उकळलेले हवे आणि पावडर कालवताना ते ७० अंशांपेक्षा थंड झालेले नको. तयार दूध दोन तासांत संपवावे, उरलेले टाकून द्यावे. एक चांगला थर्मास, मोजून वेगवेगळ्या डब्यांत भरलेली पावडर आणि वाटी-चमचा एवढे पुरते. बाटली आणि तिचे बूच रानात स्वच्छ राहत नाही. घरोघरी असलेल्या बोंडल्याच्या चोचीतही दुधाचा थर साचतो. उघडी वाटी घासायला आणि उकळायला सोपी.

सहा महिन्यांवरील बाळासाठी तांदूळ आणि मुगाची डाळ भाजून दळलेले पीठ घरूनच न्यावे. उकळत्या पाण्यात ते पाच मिनिटांत शिजते. नाचणीचे सत्त्व, केळी, थोडे तूप एवढ्यावर दोन दिवस सुखाने जातात. ओळखीचेच अन्न द्यावे. नवा पदार्थ चाखवण्याचा मुहूर्त प्रवासात काढू नये. चिखलदऱ्याची रबडी प्रसिद्ध आहे, ती आईबाबांनी खावी.

तेच मधाचे. मेळघाटच्या मधाची बाटली येता-जाता घेतली जाते आणि ‘शुद्ध आहे’ म्हणून एक बोट बाळाच्या जिभेवर टेकवले जाते. वर्षाखालील बाळाला मध देऊच नये. मधात असू शकणारे बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात आणि स्नायू लुळे पडतात. मध शुद्ध असल्याने किंवा जंगलातला असल्याने हा धोका कमी होत नाही.

मच्छरदाणी डासांपुरती नाही

छत्रीसारखी उघडणारी बाळाची मच्छरदाणी बहुतेक घरांत असते. पण तिला तळ नसेल, तर रानात ती पुरत नाही. चौकोनी मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली घट्ट खोचता येतात. मण्यार हा अत्यंत विषारी साप रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. नीट खोचलेली मच्छरदाणी त्याच्यापासूनही रक्षण करते. बाज किंवा खाट मिळत असेल, तर जमिनीवर झोपू नये. मात्र बाळ कडेला न ठेवता भिंतीच्या फटीतही जाणार नाही, असे पाहावे. डास पळवणारे मलम दोन महिन्यांखालील बाळाला लावू नये. त्यानंतरही ते हाताच्या पंजांना, डोळ्यांजवळ आणि तोंडाजवळ नको. सहा महिन्यांच्या आत उन्हाचे मलमही टाळावे. टोपी आणि सावली हाच उपाय.

सकाळी कपडे, लंगोट, पायमोजे झटकल्याशिवाय बाळाला घालू नयेत. विंचवाचा दंश मोठ्या माणसाला रात्रभर तळमळवतो. तान्ह्याच्या मात्र हृदयावर येतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून विंचूदंशाने होणारे मृत्यू पुष्कळ घटले. पण ते औषध रुग्णालयात, वेळेत मिळाले तर. मंत्र, चुना, चीर देणे यांत तो वेळ जाऊ देऊ नये.

औषधांची डबी

डबी लहान असावी. थर्मामीटर, जंतुनाशक, कापूस, लंगोटाच्या पुरळावरचे मलम, ओआरएस आणि तापाचे पॅरासिटामॉल. या शेवटच्या औषधात एक सापळा आहे. बाळासाठीच्या थेंबांमध्ये एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते. सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२० ते २५० मिलिग्रॅम. म्हणजे थेंब दोन ते चारपट तीव्र. घरी सिरप देण्याची सवय असलेल्या आईने अंधारात थेंबांची बाटली त्याच मापाने दिली, तर मात्रा भलतीच होते. बाळाचे वजन करून, बालरोगतज्ज्ञांकडून मात्रा मिलिलिटरमध्ये लिहून घ्यावी आणि तो कागद बाटलीलाच चिकटवावा.

ओआरएसची मोठी पुडी एक लिटरची, लहान २०० मिलिलिटरची. पुडी अर्धी करून अंदाजाने पाणी घालू नये. कालवलेले पाणी २४ तासांनी टाकून द्यावे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने. सहा महिन्यांच्या आतील बाळाला ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि स्तनपान चालूच. दुकानातील गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे; नावात हा शब्द वापरणाऱ्या अशा पेयांवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मनाई केली.

खोकल्याचे औषध डबीत नसावे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात दूषित खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. तो प्रकार नसता, तरीही तान्ह्याच्या सर्दी-खोकल्यावर या औषधांचा फारसा उपयोग नाही.

मेळघाटात अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. म्हणून ‘१०८’ रुग्णवाहिका आणि आपल्या डॉक्टरांचे क्रमांक कागदावर हवेत, माता-बाल संरक्षण कार्डासोबत. चिखलदऱ्याला ग्रामीण रुग्णालय आहे. धारणी आणि अचलपूर येथे उपजिल्हा रुग्णालये. त्यापुढचे उपचार अमरावतीला किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात. पाहुण्याला दोन दिवस जाचणारे हे अंतर तेथील मातांना बारमाही आहे. १९९३ मध्ये मेळघाटातील बालमृत्यूंनी राज्य हादरले, तेव्हा कुपोषणाइतकीच या अंतराचीही चर्चा झाली होती. बैरागडला राहून रुग्णसेवा करणारे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच मुलखातील कामाबद्दल.

उरले डायपर. दिवसाला आठ धरून दोन जास्त घ्यावेत आणि तितक्याच जाड, घट्ट बांधता येणाऱ्या पिशव्या. वापरलेले डायपर पुरू नयेत, जाळू नयेत. जनावरे उकरून काढतात. ते मोटारीच्या डिकीतून शहरात परत आणायचे. सुती लंगोट धुता येतात, पण ओढ्यात नव्हे. बादलीत धुऊन पाणी दूर ओतावे.

घरी परतल्यावर पिशवी रिकामी होते, पण तारखा लक्षात ठेवाव्या लागतात. हिवताप आणि गवतातील सूक्ष्म कीटकांच्या चाव्यातून होणारा स्क्रब टायफस हे आजार आठवड्या-दोन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा डोके वर काढतात. आंघोळ घालताना काख, जांघ, कानामागे काळी खपली दिसते का, ते पाहावे. महिनाभरात ताप आला, तर ‘जंगलात मुक्काम केला होता’ हे वाक्य डॉक्टरांना न विचारता सांगावे. त्यांना ते विचारण्याचे सुचेलच असे नाही.