घरातली परीक्षा, दूरचा पर्यवेक्षक

विद्यार्थी घरी बसून संगणकावर पेपर सोडवतो आणि त्याच वेळी दुसऱ्या गावातला पर्यवेक्षक कॅमेऱ्यातून त्याच्यावर लक्ष ठेवतो, या पद्धतीला दूरस्थ थेट पर्यवेक्षण म्हणतात. विद्यापीठांच्या परिपत्रकांत ती ‘प्रॉक्टर्ड परीक्षा’ या नावाने येते. या नावाखाली मात्र तीन वेगळ्या गोष्टी खपतात. एकीत माणूस त्या क्षणी खरोखर पाहत असतो. दुसरीत चित्रीकरण साठवून ठेवतात आणि नंतर कोणीतरी ते तपासतो, किंवा तपासायचे राहून जाते. तिसरीत सगळी भिस्त संगणकप्रणालीवर असते. चेहरा दिसेनासा झाला, दुसरा आवाज आला, नजर वारंवार वळली की ती आपोआप खूण करून ठेवते. निविदेच्या वेळी या तिन्हींची सरमिसळ होते. म्हणून आपण नेमके काय विकत घेत आहोत, हे विद्यापीठाने आधी ठरवलेले बरे. पुढचे विवेचन मुख्यतः पहिल्या प्रकाराचे आहे.

भारतात या पद्धतीचा बोलबाला झाला तो २०२० मध्ये. अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेता पदवी देता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी दिला आणि महाराष्ट्रासह सर्वत्र विद्यापीठांची धावपळ सुरू झाली. बहुतेकांनी बहुपर्यायी प्रश्नांच्या ऑनलाइन परीक्षेचा मार्ग धरला. घाईत उभारलेल्या व्यवस्थेचे काय होते, याचा धडा बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेतून मिळाला. या संस्थेने ‘क्लॅट’ या सामाईक परीक्षेतून बाहेर पडून १२ सप्टेंबर २०२० रोजी स्वतःची ‘एनएलएटी’ ही परीक्षा घरून घेतली. यंत्र आणि माणूस अशा दुहेरी पर्यवेक्षणाची ग्वाही होती. तरी तांत्रिक अडचणींच्या आणि परीक्षा चालू असतानाच प्रश्न समाजमाध्यमांवर फिरल्याच्या तक्रारी आल्या. २१ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ती परीक्षा रद्द ठरवली. घरून घेतलेल्या या परीक्षेत पारदर्शकता आणि सचोटी राखली जाण्याची खात्री देता येत नाही, शिवाय अपुरी पूर्वसूचना आणि तांत्रिक अटी यांमुळे अनेक विद्यार्थी संधीलाच मुकले, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

व्यवस्था उभारण्याची सुरुवात विद्यार्थ्याकडे कोणते साधन आहे, या प्रश्नापासून व्हायला हवी. लॅपटॉप, त्याचा कॅमेरा आणि मायक्रोफोन चालू स्थितीत असणे ही किमान गरज आहे. परीक्षेच्या वेळी इतर खिडक्या उघडू न देणाऱ्या प्रणाली वापरतात. झुरिचच्या ईटीएच या विद्यापीठात तयार झालेला ‘सेफ एक्झाम ब्राउझर’ मुक्त आणि मोफत आहे आणि अनेक विद्यापीठांत वापरल्या जाणाऱ्या ‘मूडल’ या प्रणालीशी तो सहज जोडला जातो. पण तो विंडोज, मॅक आणि आयपॅडवर चालतो, अँड्रॉइड फोनवर चालत नाही. आपल्याकडे असंख्य विद्यार्थ्यांचा संगणक म्हणजे अँड्रॉइड फोनच. तेव्हा आधी सर्वेक्षण करून, ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांना जवळच्या महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा उपलब्ध करून देणे हा परीक्षा विभागाचा पहिला खर्च ठरतो. तो टाळला की पुढची सगळी काटेकोर व्यवस्था फक्त सुस्थितीतल्यांसाठी उरते.

दुसरा प्रश्न नेटचा. सिनेमा पाहताना डेटा खाली येतो. परीक्षेत चित्र वर जायचे असते, आणि मोबाइल नेटची वर पाठवण्याची गती बहुधा फार कमी असते. चित्राचा दर्जा साधा ठेवला तर एका कॅमेऱ्याला सेकंदाला साधारण ३०० किलोबिट लागतात असे धरू. तासाला हा हिशेब १३५ मेगाबाइट होतो, तीन तासांच्या पेपरला ४०० च्या आसपास. पडद्याचेही चित्र पाठवायचे असेल तर आकडा आणखी वाढतो. दिवसाला दीड गिगाबाइटच्या पॅकमध्ये एक पेपर निभावतो, त्याच दिवशी दुसरा असेल तर काळजी करावी लागते. विद्यापीठाच्या बाजूने पाहिले तर एक हजार विद्यार्थी एकाच वेळी बसले की सेकंदाला ३०० मेगाबिट आत येत राहतात आणि एका पेपरचे चित्रीकरण ४०० गिगाबाइटपर्यंत जाते. हा भार पेलणारे सर्व्हर भाड्याने मिळतात, पण त्यांची चाचणी तेवढ्याच गर्दीने व्हावी लागते. पाच जणांना घेऊन केलेल्या प्रात्यक्षिकावरून काहीच कळत नाही. यासाठीच सराव परीक्षा सर्वांना सक्तीची असावी आणि ती मुख्य परीक्षेच्याच वेळेला घ्यावी, म्हणजे संध्याकाळी सहाला ज्या गावात नेट रेंगाळते ते गाव आधीच कळते.

उत्तरे दर काही सेकंदांनी आपोआप सर्व्हरवर जतन व्हायला हवीत, आणि चित्र तुटले तरी पेपर चालू राहील अशी या दोन्हींची फारकत हवी. अनेक ठिकाणी ही साधी गोष्ट राहते. कॅमेऱ्याची जोडणी गेली की पेपरही बंद होतो, आणि गैरप्रकार करणाऱ्यापेक्षा वीज गेलेलाच विद्यार्थी जास्त भरडला जातो.

एवढे यंत्रांचे. माणसांचे गणित यापेक्षा अवघड आहे. परीक्षा सुरू होण्याआधी पर्यवेक्षकाने प्रत्येकाचे ओळखपत्र आणि हॉल तिकीट कॅमेऱ्यासमोर पाहायचे, चेहरा जुळवायचा, खोली आणि टेबल दाखवायला लावायचे. एकाला तीन मिनिटे धरली तरी वीस जणांना एक तास लागतो. अकराच्या पेपरला पावणेअकराला लॉगिन सुरू केले तर हे काम उरकत नाही, मग ते नावापुरते होते, आणि डमी विद्यार्थी बसवण्याची सर्वांत सोपी संधी नेमकी तिथेच मिळते. यावर उपाय दोन. ओळख तपासणारा कर्मचारी वर्ग वेगळा ठेवावा, किंवा विद्यार्थ्यांना दहा-दहा मिनिटांच्या अंतराने वेळा द्याव्यात. प्रत्येकाला पूर्ण वेळ मिळतो, फक्त सुरुवात आणि शेवट पुढेमागे होतो. दुसरा उपाय स्वस्त आहे, पण त्यासाठी प्रश्नपेढी मोठी हवी, नाहीतर आधी सुटलेल्याकडून प्रश्न पुढच्याला मिळतात.

एका पर्यवेक्षकाच्या पडद्यावर किती चौकटी असाव्यात, यावर विद्यापीठाची आणि सेवा पुरवणाऱ्या कंपनीची घासाघीस होते. वर्गात एक पर्यवेक्षक तीस जणांना सांभाळतो, मग इथे का नको, असा युक्तिवाद केला जातो. पण वर्गातला पर्यवेक्षक फिरतो, कुजबुज ऐकतो, पाठीमागे जाऊन उभा राहतो. पडद्यासमोरच्या माणसाला टपाल तिकिटाएवढ्या चौकटी दिसतात आणि तासाभरात डोळे थकतात. दहा-पंधरांच्या वर गेले की पाहणे नुसते नोंदीपुरते उरते. पर्यवेक्षकांना दर तासाला बदली माणूस मिळावा, ते महाविद्यालयातल्या एकाच दालनात बसलेले असावेत आणि त्यांच्यावर ज्येष्ठ पर्यवेक्षक असावा. त्यांनी स्वतःच्या घरून हे काम करू नये. विद्यार्थिनींच्या खोल्यांचे चित्र अनोळखी माणसाच्या घरच्या पडद्यावर जाणे कोणत्याही पालकाला रुचणार नाही, आणि रुचू नये. विद्यार्थ्याचा मोबाइल क्रमांक, पत्ता त्यांना दिसण्याचेही कारण नाही; बैठक क्रमांक आणि छायाचित्र पुरते.

कॅमेऱ्याला काय दिसत नाही, हेही पर्यवेक्षकाला शिकवावे लागते. लॅपटॉपचा कॅमेरा विद्यार्थ्याचा चेहरा दाखवतो, टेबल नव्हे. पडद्याच्या मागे चिकटवलेला कागद, मांडीवरचा फोन, दुसऱ्या खोलीत जोडलेला जादा पडदा, दुरून संगणक चालवू देणारे अ‍ॅप यांतले काहीच त्या चौकटीत येत नाही. म्हणून काही विद्यापीठे फोनचा दुसरा कॅमेरा म्हणून वापर करायला लावतात. तो बाजूला, थोडा मागे ठेवायचा, म्हणजे हात, कळफलक आणि पडदा एकत्र दिसतात. यात फोन विद्यार्थ्याच्या हातातून जातो हाही एक फायदा. हस्तलिखित उत्तरांच्या परीक्षेत सर्वांत सैल जागा शेवटची असते. वेळ संपल्यावर पाने स्कॅन करून पाठवायला जी पंधरा-वीस मिनिटे देतात, त्यांत फोन पुन्हा हातात येतो आणि पर्यवेक्षक मात्र उठून गेलेला असतो. पाने पोहोचेपर्यंत कॅमेरा आणि पर्यवेक्षक दोघेही जागेवर हवेत.

नियमपुस्तिकेतले सर्वांत महत्त्वाचे पान खंडित जोडणीचे. किती मिनिटे तुटली तर वेळ वाढवून द्यायचा, कितीनंतर नव्या प्रश्नसंचावर फेरपरीक्षा, हे परीक्षा व मूल्यमापन मंडळाने आधी ठरवून जाहीर करावे. पर्यवेक्षकाने ते त्या क्षणी ठरवू नये. संशयाचेही तसेच. विचार करताना वर पाहणे, प्रश्न ओठांत पुटपुटणे, एका खोलीच्या घरात मागून आई जाणे हे गैरप्रकार नव्हेत. ज्याला लेखनिक मंजूर आहे त्याच्या चौकटीत दोन चेहरे दिसणारच. दिव्यांग विद्यार्थ्यांना तासाला किमान २० मिनिटे जादा वेळही द्यावा लागतो. ही माहिती पर्यवेक्षकाच्या पडद्यावर बैठक क्रमांकाशेजारी दिसली नाही, तर भर परीक्षेत त्या विद्यार्थ्याला आपले अपंगत्व पटवून देत बसावे लागते.

यंत्राच्या खुणांचा आधार घ्यायचा असेल तर एक साधा हिशेब समोर ठेवावा. समजा दहा हजार परीक्षार्थींत दोनशे जण कॉपी करतात. यंत्र त्यांतले नव्वद टक्के पकडते आणि प्रामाणिक विद्यार्थ्यांपैकी फक्त पाच टक्क्यांवर चुकून संशय घेते. म्हणजे १८० खरे आणि ४९० खोटे. खूण झालेल्या ६७० जणांत निर्दोष विद्यार्थीच बहुसंख्य. अशा याद्या कोणी तपासल्या नाहीत तर त्या निरुपयोगी असतात, आणि न तपासता कारवाई केली तर घातक. अमेरिकेतल्या ‘प्रॉक्टर-यू’ या कंपनीला आढळले की यंत्राने संशयित ठरवलेल्या सत्रांपैकी सुमारे ११ टक्केच सत्रे शिक्षणसंस्था पाहतात. मे २०२१ मध्ये तिने केवळ यंत्राच्या भरवशावर चालणारी सेवा विकणे थांबवले.

चेहरा ओळखण्यात यंत्र सर्वांना सारखी वागणूक देते असेही नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या व्ह्रिये विद्यापीठातल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थिनीने तक्रार केली की प्रणालीला आपला चेहरा दिसावा म्हणून आपल्याला तोंडावर दिवा लावून बसावे लागले. नेदरलँड्सच्या मानवी हक्क संस्थेने डिसेंबर २०२२ मध्ये भेदभावाची शक्यता मान्य केली. ऑक्टोबर २०२३ च्या अंतिम निकालात भेदभाव सिद्ध झाला नाही, पण विद्यापीठाने तक्रार नीट हाताळली नाही असा ठपका राहिला. अमेरिकेत ओहायोच्या संघीय न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाने परीक्षेआधी विद्यार्थ्याची खोली कॅमेऱ्यात दाखवायला लावणे ही बेकायदा झडती ठरवली. इटलीच्या माहितीसंरक्षण प्राधिकरणाने २०२१ मध्ये मिलानच्या बोकोनी विद्यापीठाला अशाच प्रणालीच्या वापराबद्दल दोन लाख युरोंचा दंड केला. साठवलेली माहिती फुटण्याचा धोका वेगळाच. प्रॉक्टर-यूच्या सुमारे ४ लाख ४४ हजार वापरकर्त्यांच्या नोंदी २०२० मध्ये बाहेर आल्या होत्या.

भारतात आता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याच्या दृष्टीने अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद त्यात आहे. प्रथम वर्षाचे पुष्कळ विद्यार्थी सतरा वर्षांचे असतात, हे संमतीपत्र तयार करणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही. चित्रीकरण कुठे साठवणार, कोण पाहणार आणि कधी पुसणार, हे कंपनीबरोबरच्या करारातच असावे. निकाल, पुनर्मूल्यांकन आणि गैरप्रकारांची चौकशी संपली की ते ठेवण्याचे कारण उरत नाही.

चौकशीची रीत मात्र जुनीच. महाराष्ट्रात विद्यापीठीय परीक्षांतल्या गैरप्रकारांसाठी १९८२ चा कायदा आहे, आणि २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याच्या कलम ४८ नुसार चौकशी समिती नेमली जाते. वर्गात पकडलेली चिठ्ठी समितीपुढे ठेवता येते. दूरस्थ परीक्षेत पुरावा म्हणजे चित्रफितीचा तुकडा, वेळेची नोंद आणि पर्यवेक्षकाने त्याच वेळी लिहिलेला शेरा. तिन्ही जुळत नसतील तर प्रकरण टिकत नाही. विद्यार्थ्याला ती चित्रफीत पाहून खुलासा करण्याची संधी द्यायलाच हवी.

हा सगळा खटाटोप हजारोंच्या परीक्षेला परवडत नाही. माणसे पुरत नाहीत, आणि माणसे कमी केली की थेट पर्यवेक्षण नावापुरते उरते. पन्नास-शंभर जणांची मौखिक परीक्षा, प्रात्यक्षिक, परगावी असलेल्यांचा पेपर यांना ही पद्धत शोभते. पुस्तक उघडे ठेवून सोडवण्याजोगा, विचार करायला लावणारा पेपर काढला तर पहाऱ्याची गरजही घटते, पण असा पेपर काढणे आणि तपासणे कष्टाचे असते. आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएस पदवीत व्याख्याने आणि स्वाध्याय घरून होतात, सत्रान्त परीक्षेला मात्र विद्यार्थ्याला नेमलेल्या केंद्रावर जावे लागते. दूरस्थ पर्यवेक्षण तिथे प्रोग्रॅमिंगच्या परीक्षांसाठी वापरले जाते.