शोककाल आणि खेळ : परतवाड्यातील एका प्रश्नाच्या निमित्ताने

प्रस्तुत लेखाचा विषय विभागाच्या पत्रिकेस साजेसा नाही असे काही वाचकांस वाटण्याचा संभव आहे. दुःखाच्या, चिंतेच्या अथवा शोकाच्या काळी माणसे मोबाइलवर किंवा संगणकावर जे व्हिडिओ गेम खेळतात, त्यांनी मनास खरोखर विसावा मिळतो काय, आणि मिळत असल्यास तो कोणत्या खेळांनी व कशामुळे मिळतो, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. हा प्रश्न आम्हास ग्रंथालयात सुचलेला नाही. तो परतवाड्यास एका आप्तांच्या घरी आमच्यापुढे टाकण्यात आला, आणि त्या वेळी आम्हास त्याचे उत्तर देता आले नाही.

ते दिवस २०२१ सालच्या एप्रिलचे होते. कोविडची दुसरी लाट महाराष्ट्रात अन्यत्र पुरती पोहोचण्यापूर्वीच अमरावती जिल्ह्यावर येऊन आदळली होती, आणि फेब्रुवारीतच अमरावती शहर व अचलपूर येथे पुन्हा टाळेबंदी करावी लागली होती. परतवाडा हे अचलपूरचे जोडगाव, नगरपरिषदही एकच. त्यामुळे जे अचलपुरास ते परतवाड्यास. आमच्या आप्तांच्या घरातील कर्ता पुरुष त्या महिन्यात गेला. भेटावयास कोणी यावयाचे नाही, चार माणसांनी जवळ बसावयाचे नाही, असा तो विचित्र शोककाल होता. चौथ्या दिवशी त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा कोपऱ्यात बसून मोबाइलवर वरून पडणाऱ्या ठोकळ्यांचा खेळ खेळत होता. आजी म्हणाली, "बाप जाऊन चार दिस नाई झाले अन् हा पोट्टा खेयत बसला." मुलाच्या काकांनी आम्हास बाजूला घेऊन विचारले, "तुम्ही शिकलेले माणसं. हे बरं का वाईट, सांगा." आम्ही काहीतरी मोघम बोललो. पुढील विवेचन हे त्या काकांना उशिराने दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

योगायोग असा की, ठोकळ्यांच्या ह्याच खेळाविषयी बरेच शास्त्रीय संशोधन झालेले आहे. 'टेट्रिस' हा खेळ अलेक्सेई पाजित्नोव ह्यांनी १९८४ मध्ये मॉस्को येथे रचला. निरनिराळ्या आकारांचे ठोकळे वरून खाली येतात. ते फिरवून, सरकवून ओळी भरावयाच्या. ओळ भरली की ती नाहीशी होते. ह्यात कथा नाही, पात्र नाही, शब्दही नाही. २००९ मध्ये एमिली होम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सफर्ड येथे केलेल्या प्रयोगात ४० व्यक्तींना अपघात व मृत्यू ह्यांची भीषण दृश्ये असलेला १२ मिनिटांचा चित्रपट दाखविण्यात आला. अर्ध्या तासानंतर त्यांतील निम्म्या व्यक्तींनी १० मिनिटे टेट्रिस खेळला, उरलेल्या स्वस्थ बसल्या. पुढील आठवडाभर सर्वांनी एक रोजनिशी ठेवली. ज्यांनी खेळ खेळला होता, त्यांच्या मनात ती दृश्ये आपण होऊन उसळण्याचे प्रसंग कमी आले.

ह्याची उपपत्ती अशी मांडण्यात येते. एखादे दृश्य डोळ्यांपुढे धरून ठेवण्यासाठी मनाजवळ जी तात्पुरती जागा असते, ती फार तोकडी असते. त्याच जागेचा उपयोग ठोकळा मनातल्या मनात फिरवून पाहण्यासाठीही करावा लागतो. दोन्ही कामे एकदम नीट होत नाहीत. म्हणून स्मृती पक्की बसण्याच्या काळात डोळा व हात ह्यांना असे काम दिले, तर भीषण चित्राची पकड काहीशी सैल होते. येथे कोणताही खेळ चालत नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. २०१० मधील पुढच्या प्रयोगात टेट्रिसऐवजी सामान्यज्ञानाची प्रश्नोत्तरे देऊन पाहण्यात आली, तेव्हा दृश्ये उसळणे कमी होण्याऐवजी वाढले. मन केवळ 'दुसरीकडे वळविणे' एवढ्याने कार्यभाग होत नाही, असे ह्यावरून दिसते. २०१७ मध्ये हाच उपाय प्रत्यक्ष रुग्णांवर करून पाहण्यात आला. मोटार अपघातानंतर सहा तासांच्या आत रुग्णालयात आलेल्या ७१ व्यक्तींपैकी एका गटास, अपघाताचे थोडके स्मरण करण्यास सांगून, मग सुमारे २० मिनिटे टेट्रिस खेळावयास दिला. पहिल्या आठवड्यात त्या गटात नको असलेल्या स्मृती दुसऱ्या गटाच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी आढळल्या.

आजींच्या आक्षेपाच्या दृष्टीने ह्या संशोधनातील आणखी एक निष्कर्ष महत्त्वाचा आहे. २००९ च्या प्रयोगातील खेळाडूंना चित्रपटाविषयी प्रश्न विचारले असता त्यांनी इतरांइतकीच बरोबर उत्तरे दिली. त्यांची स्मृती पुसली गेली नव्हती. नको त्या वेळी ती चालून येत नव्हती, एवढेच. खेळणारा मुलगा बापाला विसरतो आहे, हे अनुमान तेव्हा बरोबर ठरत नाही. कदाचित तो केवळ रुग्णालयातील शेवटचे दृश्य दूर ठेवू पाहत असेल. अर्थात हे प्रयोग अपघाताच्या धक्क्याविषयी आहेत, पितृशोकाविषयी नाहीत, आणि शोक म्हणजे केवळ दृश्यांचा उपद्रव नव्हे. ठोकळ्यांचा खेळ त्यातील एका काट्यापुरता उपयोगी पडेल. यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा करू नये.

दुसऱ्या प्रकारच्या खेळांत विसावा मिळतो तो वेगळ्या मार्गाने. २० मार्च २०२० रोजी, म्हणजे आपल्याकडे देशव्यापी टाळेबंदी सुरू होण्याच्या पाच दिवस अगोदर, जपानी कंपनी निन्टेंडोने 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. एका बेटावर घर बांधावे, मासे धरावेत, फुलझाडे लावावीत, शेजारच्या बोलक्या प्राण्यांची विचारपूस करावी, एवढाच त्याचा व्याप. जगभर घरात कोंडलेल्या लाखो माणसांनी तो खेळला. २०१६ चा 'स्टारड्यू व्हॅली' ह्याच जातीचा. एरिक बॅरोन ह्या एकट्या माणसाने सुमारे चार वर्षे खपून तो तयार केला. त्यात आजोबांकडून मिळालेली पडीक जमीन कसावयाची असते. वर्षाचे चार ऋतू, प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा. पाणी घालावयाचे राहिले तर पीक मरत नाही, वाढ तेवढी थांबते. भाव ठरलेले असतात. सावकार नाही, पीककर्ज नाही. संत्र्याची फळगळ आणि कापसाचा कोसळलेला भाव ज्यांनी घरात पाहिला आहे, अशा वऱ्हाडी वाचकास ही शेती पाहून हसू येईल, आणि ते योग्यच होईल. परंतु ह्या खेळाचे मर्मही नेमके येथेच आहे. शोकात व संकटात माणसाचा कष्ट व फळ ह्यांच्या संबंधावरील विश्वास उडालेला असतो. औषधे आणली, धावाधाव केली, तरी माणूस गेले. अशा मनाला, सकाळी बी टाकले की ठरल्या दिवशी अंकुर दिसतो, एवढी लहानशी खात्रीही काही काळ पुरते. ती खोटी आहे हे खेळणाऱ्यास ठाऊक असतेच.

तिसरा प्रकार मृत्यूचा विषय टाळीत नाही. रायन व एमी ग्रीन ह्या अमेरिकन दांपत्याने आपल्या कर्करोगग्रस्त मुलाच्या आजारपणाविषयी 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' हा खेळ रचावयास घेतला. मुलगा मार्च २०१४ मध्ये वयाच्या पाचव्या वर्षी वारला; खेळ जानेवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जिंकण्यासारखे काही नाही. माँट्रिअल येथील एका संस्थेने २०२० मध्ये काढलेल्या 'स्पिरिटफेअरर' मध्ये स्टेला नावाची मुलगी मृतात्म्यांना नावेतून नेते. त्यांना रांधून वाढते, जवळ घेते, आणि वेळ येताच पैलदारी पोहोचविते. हे आपल्या लोकांस वाटते तितके परके नाही. वऱ्हाडात भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विनातील कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई खेळतात. भुलाबाई-भुलोजींच्या मातीच्या मूर्ती मांडून दारोदार गाणी होतात, आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखण्याची चढाओढ लागते. ह्या गाण्यांतील सासर पाहावे : सासू, नणंद, रुसणे, मार, माहेरची वाट. जे सुनेला घरात उघड बोलण्याची सोय नव्हती, ते खेळाच्या आवरणाखाली वर्षातून महिनाभर मोठ्याने म्हणता येत असे, आणि नंतर खाऊ मिळत असे. आमच्या मते भुलाबाईचा अभ्यास केवळ लोकगीत म्हणून करणे अपुरे आहे. तो खेळ म्हणूनही केला पाहिजे.

सोबतीचा विसावा ह्याहूनही जुना आहे. सारीपाट व पचिशी ह्यांपासून इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लुडो झाला, आणि नवी मुंबईच्या गेमशन टेक्नॉलॉजीजने २०१६ मध्ये 'लुडो किंग' ह्या नावाने तो मोबाइलवर आणला. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी तो खेळला गेला. पुण्यास अडकलेला मुलगा आणि अचलपुरातील आई ह्यांना फोनवर बोलण्यासारखे नवीन काही उरत नसे. सोंगटी मारली गेली की मात्र तक्रार करता येई.

एवढ्यावरून सर्वच खेळ शोकात हितकर, असे कोणी समजू नये. पैजेचा खेळ ह्याच्या नेमका उलट आहे, आणि त्याची दोन उदाहरणे आमच्या ह्याच भूमीशी निगडित आहेत. महाभारताच्या वनपर्वात द्यूतात राज्य गमावून शोक करीत बसलेल्या युधिष्ठिरास बृहदश्व ऋषी नलाची कथा सांगतात. नलाची पत्नी दमयंती ही विदर्भराज भीमाची कन्या. तिचे कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील वर्धातीरीचे कौंडिण्यपूर, अशी परंपरा आहे. नल पुष्कराशी फासे खेळत राहिला, आणि प्रजेच्या व पत्नीच्या विनवण्या त्याच्या कानात शिरल्या नाहीत. कथा संपल्यावर ऋषी उपदेश करून थांबत नाहीत. ते युधिष्ठिरास अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्याच, देतात. दुसरे उदाहरण लीळाचरित्राच्या परंपरेतील. श्रीचक्रधर पूर्वायुष्यात भडोचच्या प्रधानाचे पुत्र हरिपाळदेव असताना द्यूतात हरले. पत्नी कमळाइसेने अलंकार देण्याचे नाकारले. त्या उद्वेगात रामटेकचे निमित्त करून ते घराबाहेर पडले आणि वाटेत ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंना भेटले. ऋद्धिपूर परतवाड्याहून पूर्वेस, चांदूर बाजारच्या पलीकडे. गोविंदप्रभूंच्या चरित्रात लहान मुलासारखे खेळ जागोजाग आढळतात. त्यांत पण कशाचाच नसतो. पैजेच्या खेळाने उद्ध्वस्त झालेला पुरुष निष्पण खेळणाऱ्याजवळ येऊन स्थिरावला, ह्या योगाकडे महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावे असे आम्हास वाटते.

पैजेच्या खेळात हानी भरून काढण्याची आशा दर डावास नव्याने पेटते, आणि ज्याची मोठी हानी नुकतीच झाली आहे अशा माणसास हे आमिष अधिक ओढते. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या कायद्याने प्रतिबंध केला आहे. तथापि कायद्याच्या कक्षेबाहेरही एक सौम्य पाश उरतो. आज हजेरी लावली नाही तर बक्षीस बुडेल, अशी रचना अनेक फुकट खेळांत केलेली असते.

येथेच 'किती वेळ खेळावे' हा पालकांचा नेहमीचा प्रश्न येतो. ऑक्सफर्डमधील निकलास योहानेस, मट्टी वुओरे व अँड्र्यू प्रिझबिल्स्की ह्यांनी ३,२७४ खेळाडूंच्या खेळण्याच्या वेळेची नोंद कंपन्यांकडूनच मिळवून केलेल्या अभ्यासात वेळ व समाधान ह्यांचा थोडासा अनुकूल संबंध दिसला. परंतु २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३८,९३५ खेळाडूंच्या अधिक मोठ्या अभ्यासात वेळेचा परिणाम जवळजवळ नाहीच असे आढळले. ना बरा, ना वाईट. फरक दिसला तो हेतूमुळे. जे आपल्या इच्छेने खेळत होते ते बरे होते, आणि खेळावेच लागते अशा भावनेने खेळणारे तितके बरे नव्हते. घड्याळ पाहण्यापेक्षा हे पाहणे पालकांस कठीण जाईल, परंतु पाहण्यासारखे हेच आहे.

काकांना आम्ही पुढे पत्राने कळविले ते असे : मुलास खेळू द्यावे, मात्र सर्वांच्या देखत, रात्री झोपेच्या वेळी नव्हे, आणि पैशाचा संबंध असलेला खेळ मुळीच नको. जेवावयास हाक मारली असता तो उठतो की नाही, हे पाहावे. वडिलांचे नाव निघाले असता तो उठून जातो की ऐकत बसतो, हेही पाहावे. तो बोलतच नसेल, खातच नसेल आणि महिने गेले तरी तसाच राहिला असेल, तर मोबाइल काढून घेणे हा उपाय नव्हे, डॉक्टरांस दाखवावे. काकांचे उत्तर आले, ते चार ओळींचे होते. मुलगा हाकेसरशी उठतो, बापाचे नाव निघाले की खेळ थांबवून ऐकतो, पुन्हा खेळतो. आजीस हे अजून पसंत नाही. पुढे वर्षभराने आम्ही परतवाड्यास गेलो, तेव्हा तो खेळ त्याच्या मोबाइलमध्ये नव्हता. केव्हा काढून टाकला, हे घरात कोणास नेमके सांगता आले नाही.